गिटारचा आवाज स्टेजवर नेताना

प्रिय मंदार,

अकूस्टिक गिटारला कोणता पिकअप (तिचा आवाज टिपून स्पीकरकडे पाठवणारं साधन) घ्यावा, असं तू विचारलं आहेस. पण त्याआधी एक सांग, तू शांत सभागृहात एकटा बसून वाजवणार आहेस की ड्रम्स आणि बेसच्या शेजारी उभा राहून? सगळं त्यावरच ठरतं.

एकटाच असशील तर गिटारला काहीही बसवू नकोस. छोट्या डायफ्रामचा (पडद्याचा) कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, कंडेन्सर माइक घे आणि 12 ते 14व्या फ्रेटसमोर 20-30 सेंटीमीटरवर ठेव. साउंडहोलवर (गिटारच्या मधल्या भोकावर) रोखलास तर खर्ज नुसता घुमत राहील. मिक्सरवर 48 व्होल्टचं फँटम (माइकला लागणारी वीज) चालू हवं आणि मॉनिटर (तुला स्वतःला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) माइकच्या बरोबर पाठीमागे हवा, कारण कार्डिऑइडला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. लाकडाचा खरा आवाज यातच मिळतो. फक्त वाजवताना जागेवरून हलायचं नाही.

ड्रम्स आले की माइक बाद. मग बहुतेक जण सॅडलखालचा (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखालचा) पिएझो, म्हणजे दाबातून वीज तयार करणारा पिकअप, बसवतात. फीडबॅकपुढे (स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून घुमू लागतो त्यापुढे) तो बऱ्यापैकी टिकतो, पण जोरात स्ट्रम केलं की आवाज कडक, प्लास्टिकसारखा होतो. तो बसवण्यातच खरी मेख आहे. पिकअपच्या जाडीइतका सॅडलचा तळ घासावा लागतो, नाहीतर तारा उंच होतात. काचेवर सँडपेपर चिकटव आणि सॅडल काटकोनात धरून सावकाश घास. तळाला जरा जरी उंचवटा राहिला तरी एक तार ओरडते आणि शेजारची मुकी होते. सॅडल खाचेत बोटाने सरकवून बसला पाहिजे. ठोकून बसवलास तर तो खाचेच्या भिंतींनाच अडकतो आणि तारांचा दाब पिकअपपर्यंत पोचत नाही.

मोठ्या आवाजाच्या बँडसाठी मी साउंडहोलमधला मॅग्नेटिक पिकअपच सुचवेन. लोक त्याला उगाच नाकं मुरडतात. आवाज थोडा इलेक्ट्रिककडे झुकतो हे खरं, पण फीडबॅक पुष्कळ कमी. ब्राँझच्या तारांमध्ये चुंबकाला फक्त आतलं पोलाद जाणवतं, त्यामुळे साध्या पोलादी बी आणि बारीक ई तारा वरचढ होतात. पोल-स्क्रू असतील तर बीखालचा आधी खाली घे. नायलॉनच्या तारांना मात्र हा चालतच नाही.

ब्रिजप्लेटला (ब्रिजच्या खालच्या फळीला) आतून चिकटवायचे ट्रान्सड्यूसर गोड वाजतात, पण आवाज चढवला की खर्जात लवकर घुमतात.

आता ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं ते. पॅसिव्ह (स्वतःचा प्रीअँप नसलेला) पिएझो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडलास तर आवाज पातळ, पत्र्यासारखा येईल. पिएझो विजेच्या भाषेत कपॅसिटर असतो. त्याच्यापुढे कमी इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) आला की खर्ज गळून जातो. त्याला निदान 1 मेगाओम हवा, 10 असेल तर उत्तम. म्हणून प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारं यंत्र) किंवा तसा इनपुट असलेला अॅक्टिव्ह डीआय (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी पेटी) घे. पॅसिव्ह पिकअपपासून तिथपर्यंतची केबल पाचेक मीटरच्या आत ठेव. डीआयनंतर बॅलन्स्ड एक्सएलआर केबल कितीही लांब नेलीस तरी बिघडत नाही. हम (सततची गुणगुण) आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबून बघ.

घुमण्याचा बंदोबस्त साउंडचेकलाच कर. गिटारच्या पोकळीतली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास आणि वरची पाटी 200च्या आसपास घुमते. तारा हाताने दाबून धर, घुमायला लागेपर्यंत आवाज हळूहळू वाढव, मग तो घुमारा थांबेपर्यंत नॉच (एकच अरुंद पट्टा कापणारं फिल्टर) फिरव. फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दोन्हीकडे करून बघ. तरीही थांबलं नाही तर साउंडहोलला रबरी झाकण लाव (मॅग्नेटिक असेल तर ते बसणार नाही). हाय-पास (खालचा खर्ज कापणारं फिल्टर) 80च्या वर नेऊ नकोस, जाड ई 82 हर्ट्झवर आहे.

आणि वाजवून झालं की जॅक काढ. बहुतेक प्रीअँप जॅक लावल्यावरच चालू होतात, तो तसाच राहिला तर 9 व्होल्टची बॅटरी रात्रभर जळत राहते.

तुझा,
निखिल