कालच्यावरून आजचं ठरवू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी आई फोनवर म्हणाली, "काल तर छान बोलत होतीस, आज काय झालं?" मी "काही नाही" म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते गं. शब्दच सापडत नव्हते. म्हणायचं होतं 'चार्जर' आणि तोंडात येत होतं 'ते लांब वायरीचं'. हेही एमएसमधलंच, माझ्या या मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या मज्जासंस्थेच्या आजारातलं. म्हणून हे पत्र, तीन बैठकांत लिहिलेलं.

बाबा, तुम्ही आयुष्यभर वायरिंगची कामं केलीत, तुम्हाला सांगणं सोपं. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. माझीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते. एमआरआयवरचे पांढरे डाग म्हणजे त्या कुरतडलेल्या जागा. तिथून संदेश रखडत जातो, कधी पोचतच नाही. तुटलेली वायर सापडते, पण मधूनच लागणारं कनेक्शन जीव खातं, असं तुम्हीच वैतागून म्हणायचात.

परवाची सकाळ सांगते. आंघोळीला पाणी जरा कढत घेतलं. बाहेर येऊन आरशात बघते तर चेहरा धुरकट. वाटलं वाफ धरलीय, पुसला आरसा. वाफ नव्हतीच. डावा डोळा मिटल्यावर कळलं, उजव्यासमोर धुकं होतं, ज्या डोळ्यापासून हे सगळं सुरू झालं त्याच. पंख्याखाली बसले, अर्ध्या तासात दिसायला लागलं. अंग तापलं की दुखावलेल्या नसेतून संदेश आणखी अडतो. ऊठहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी हे 1890 मध्येच नोंदवून ठेवलंय. हा नवा अटॅक नव्हे. त्यासाठी त्रास निदान 24 तास टिकावा लागतो, तोही अंगात ताप किंवा इन्फेक्शन नसताना.

मग शर्टाची बटणं. बोटांना जाड हातमोजे घातल्यासारखं होतं, बटण चिमटीत आलंय की नाही ते कळत नाही. म्हणून खाली बघायला मान वाकवली, तर मानेपासून पार पायापर्यंत करंट. क्षणभरच. शॉक बसला की तुम्ही हात झटकायचात बाबा, इथे झटकायचं काय? शेवटी मान ताठ ठेवून आरशात बघत बटणं लावली. आणि संध्याकाळी हीच मी एक जिना न थांबता चढले. आता सांगा, त्या दिवशी मी बरी होते की नव्हते?

थकव्याचं कुणालाच पटत नाही, म्हणून तो सगळ्यात छळतो. आठ तास झोपून उठल्यावरही हा तसाच असतो. कधी कधी फोन कानाशी धरून ठेवणं हेच एक काम होऊन बसतं. "जरा पड, बरं वाटेल" ऐकलं की मी गप्प होते, कारण मी आडवीच असते.

लघवीची घाई होते, एकदा लागली की थांबवता येत नाही. बाहेर गेले की आधी बाथरूम शोधते. हे एकट्या आईला सांगणार होते. आता बाबांनीही वाचलं, असू दे.

आई, "माझ्याच पोटातून आलं का" असं तू मावशीला विचारलंस, ते मला कळलं. नाही गं. थोडी प्रवृत्ती अनेक जनुकांमधून येते, पण नुसत्या तेवढ्याने हा आजार होत नाही. तुझ्या खाण्यापिण्यात, जागरणात काही चुकलेलं नाही. हा विषय आता बंद.

शनिवारी येतेय. "कालपेक्षा बरं आहे का" असं विचारू नका, "आत्ता कसं आहे" विचारा. काठी आणेन. दिवसभर ती दाराआड उभी राहील, नाहीतर तिच्याशिवाय मला उठता येणार नाही. दोन्ही वेळा तुमचे चेहरे सारखेच ठेवायचा प्रयत्न करा, मीही करते.

पाणी कोमट ठेव, आई. आणि बाबा, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवू म्हणत होतात, मी तेव्हा चिडून नको म्हटलं होतं. बसवा. उजव्या हाताला, कमरेच्या जरा वर.

तुमची,
मोठी