आधी गाडीखाली वाका, मग शॉकअप बदला

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकानं विचारलं होतं की जुनी फोर बाय फोर (चारी चाकांना इंजिनची ताकद देणारी) गाडी लई आदळते, काय करावं, आणि खाली उत्तर छापलं होतं की चारी शॉकअप (दणका जिरवणारे नळकांडे) बदला, बजेट असलं तर लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, पण टाका. साहेब, हे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी झालं. अशा सल्ल्यांनीच आमच्या भागातल्या लोकांचे पैसे चाललेत आणि गाडी होती तशीच आदळायलीय.

माझ्याकडं जुनी महिंद्राची कमांडर जीप आहे, फोर बाय फोर, मागं पत्र्याची बॉडी बांधून व्हॅनसारखी बंद केलेली, अंबाजोगाईच्या वर बालाघाटाच्या डोंगरात शेत आहे तिथं पावसाळ्यात दुसरं काही जातच नाही. पुढं पण पाटे, मागं पण पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. आता कारवाले काय करतात, बॉनेट दाबून सोडतात आणि गाडी दोनतीनदा हलली की म्हणतात शॉकअप गेला. पाट्याच्या गाडीला ही टेस्ट खरं सांगत नाही, कारण पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घासण्यानंच उसळी अर्धी मरते, शॉकअप पार मेलेला असला तरी गाडी गप बसते. त्यापेक्षा दहाबारा किलोमीटर खराब रस्त्यानं गाडी आणा, थांबवा, आणि लगेच चारी शॉकअपला हात लावून बघा (जपून, चटका बसतो). काम करणारा गरम लागतो, कारण दणका तो आतल्या ऑइलमध्ये जिरवून त्याची उष्णता करतो. तिघं गरम आणि एक गार निघाला तर तो गार मेलाय. ऑइल गळून धूळ चिकटलेली दिसली तरी समजून जा. एवढं बघायला रुपया लागत नाही.

पण माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा शॉकअपचा नंबर नंतर लागतो, आधी गेलेले असतात ते बुश. पाट्याच्या डोळ्यात (टोकाच्या गोल भोकात) आणि शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीत) रबरी बुश असतात, तिथं टॉमी (लोखंडी दांडा) घालून जरा उचकटून बघा, लोखंडाला लोखंड भिडल्यासारखा खटखट आवाज आला की रबर संपलं. आणि ते का संपतं तर आपल्याच सवयीनं. गाडी धुतली की वॉशिंग सेंटरवाला विचारतो खालून ऑइल मारू का, आपण म्हणतो मार, तो जळकं ऑइल नाहीतर डिझेल पिचकारीनं सगळीकडं उडवतो. पाट्यांचा करकर आवाज आठ दिवस जातो खरा, पण तेच तेल रबरात मुरून ते फुगतं, मऊ पडतं, बोटानं दाबलं तर लोण्यासारखं दबतं, वर फुफाटा चिकटून पाट्यांमध्ये पॉलिश पेपरचं काम करतो ते वेगळंच. पाटे खोलून, घासून, मधी ग्राफाइट ग्रीस लावायचं आणि रबराला तेल लागू द्यायचं नाही, एवढाच नियम, पण हा कोणी पाळत नाही.

दुसरं, गाडी सरळ चाललेली असून मागून बघणाऱ्याला तिरकी चालल्यासारखी दिसत असेल तर अलाइनमेंटवाल्याकडं पळू नका. टेप घ्या, सपाट काँक्रीटवर स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मधापासून मागच्या हबच्या मधापर्यंत दोन्ही बाजूनं मोजा. फरक आला तर पाट्याच्या पट्ट्या मधी धरणारा सेंटर बोल्ट तुटून एक्सल (दोन्ही चाकांचा आडवा दांडा) सरकल्याची शक्यता जास्त. तसंच हबपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत डावी उजवी मोजा, एक बाजू बसली असेल तर तिकडच्या पाट्याची कमान उतरलीय, त्याला शॉकअप काय करणार? शॉकअप गाडी उचलून धरत नाही, वजन पाट्यावर असतं.

स्टेअरिंग थरथरतं त्याचं पण असंच. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं, ढिलं लागलं की एकाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर व्हील बेअरिंग, तरी राहिली तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ. आणि काहीजण तर डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकूनच हिंडायलेत, वळणावर गाडी अडखळली की म्हणतात सस्पेन्शन गेलं. या जुन्या गाड्यांना मधी डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) नाही, वळताना पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत, ती चिखलात घसरून मोकळी होतात, डांबरावर कुठं होणार!

आता अपग्रेड. करू नका असं नाही म्हणत मी. पण कापसाचं वजन पेलावं म्हणून जाड पाटा वाढवला की रिकामी गाडी उड्या मारते आणि चेसिसच्या ब्रॅकेटला तडे जातात. जुना जाणता पाटेवाला असेल तर त्याच्याकडून पाट्यांना कमान चढवून घ्या, फक्त तापवून ठोकून दिलेला पाटा, नीट पाणी न दिलेला (झटकन थंड करून कडक न केलेला), थोड्याच दिवसात परत बसतो हे ध्यानात ठेवा. पॅराबोलिक पाटे चांगलेच, कमी पाने, मधी जाड आणि टोकाला पातळ, एकमेकाला घासत नाहीत म्हणून मऊ चालतात, पण घासणं गेलं म्हणजे सगळी उसळी शॉकअपनं धरायची, तव्हा मात्र चांगल्या शॉकअपवर खर्च करावाच लागतो. लांब शॅकल टाकून गाडी उचलली की पुढच्या एक्सलचा कॅस्टर (किंगपिनचा पुढंमागंचा कल) बदलतो, प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो, ब्रेकची होज (रबरी नळी) ताणते, हे सांगत कोणीच नाही. वरून मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसी बुकात लिहिलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट सांगितलंय. आणि काही पण काम केलं तरी पाटा एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवीन टाका, चारपाचशे किलोमीटरनंतर परत आवळा.

शेवटचं, आणि हे पेपरवाल्यांनीच उचलायला पाहिजे. पाटे मोडतात त्यातले किती तर गावागावातल्या गतिरोधकांवर. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ च्या आसपास गाडी आरामात जावी असा पसरट उंचवटा. आमच्याकडं कोणी गटाराचं उरलेलं काँक्रीट ओतून हातभर रुंदीचा बांध घालतं, ना पट्टा ना बोर्ड, रात्री तो लागला की एक्सल सरळ रबरी स्टॉपवर जाऊन आपटतो. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळतो ते निसर्गाचं झालं, त्याला आपण सहन करू, पण हे बांध माणसांनी घातलेत. तुमच्या वार्ताहराला एक टेप देऊन नुसतं केज ते अंबाजोगाई पाठवा आणि जी मापं निघतील ती गावाच्या नावासकट छापा.

आपला,
एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड