‘गोळी घेतलीस का?’ हे आपण कुणाला विचारतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अल्झायमरवरच्या नव्या औषधाची बातमी आली की मी ती कापून ठेवतो. बायकोला हा आजार होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे अशा बातमीकडे डोळे लागलेले असतात. पण रोज पोटात जाते ती गोळी जुनीच, डोनेपेझिल. तिला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली. ती घरी नीट कशी द्यायची, हे मात्र आम्हाला चुका करूनच कळलं.

पहिली चूक माझी. मी हिला रोज विचारायचो, “गोळी घेतलीस का?” ही म्हणायची, “घेतली की.” जिची आठवणच आजाराने नेली, तिच्याच आठवणीवर मी औषधाचा हिशोब सोडला होता! कधी “नाही” म्हणाली की मी आणखी एक द्यायचो. मी बाहेर असलो की मुलगी द्यायची. दिवसाला दोन-दोन गोळ्या किती वेळा गेल्या असतील, देव जाणे. एका संध्याकाळी ही न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन कोसळली. दवाखान्यात नाडी मोजली तर मिनिटाला ४४. डोनेपेझिलने हृदयाचे ठोके मंदावू शकतात. रक्तदाबासाठी हिला आधीपासून मेटोप्रोलॉल चालू होतं, तेही ठोके कमी करतं. दोन औषधं दोन डॉक्टरांची, आणि एकाची चिठ्ठी मी दुसऱ्याला कधी दाखवलीच नव्हती.

तेव्हापासून वही आहे. तारीख, वेळ, गोळी आणि देणाऱ्याची सही. डबा कुलपात. मुलगी असो की मी, सही नसेल तर गोळी दिली नाही असं धरत नाही, आधी डब्यातल्या गोळ्या मोजतो. हीसुद्धा हट्टाने खाली सही करते. इतकी वर्षं शाळेच्या हजेरीपटावर केली तशीच, शेवटी रेघ ओढून.

दुसरी गोष्ट मला अजून झोपू देत नाही. हिला लघवी आवरेनाशी झाली. कपडे ओले झाले की ओशाळून कोपऱ्यात उभी राहायची. एका डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन लिहून दिलं. तीन आठवड्यांत ही माझ्याकडे बघून विचारू लागली, “तुम्ही कोण?” आजार पुढे सरकला, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. मुलगी रडली, मीही. डोनेपेझिलचा डोस वाढवा, असं सांगायला मी दवाखान्यात गेलो, तेव्हा तिथल्या फार्मासिस्ट बाई म्हणाल्या, “घरात असतील नसतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा.”

त्यांनी दोन पाकिटं शेजारी ठेवली. डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकवून धरतं, आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच ॲसिटिलकोलीनचं काम अडवतं. म्हणजे एका हाताने हौद भरायचा आणि दुसऱ्या हाताने बूच काढायचं. शिवाय लघवीचा त्रास मुळात डोनेपेझिलमुळेही होऊ शकतो. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, आणि त्याच्या दुष्परिणामाला आम्ही आजार समजलो! डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन थांबवलं, डोनेपेझिल १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणलं. महिनाभराने एका सकाळी आतून हाक आली, “अहो.”

सर्दीच्या आणि झोपेच्या कित्येक साध्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असतं. त्यांचंही काम असंच उलटं. त्या आपण स्वतःच्या मनाने देतो, म्हणून डॉक्टरांना सांगायचंही सुचत नाही.

ज्यांच्याकडे रिवास्टिग्मिनची, म्हणजे याच आजारावरच्या औषधाची, अंगाला चिकटवायची पट्टी आहे त्यांनी नवी लावण्याआधी जुनी काढली का, हे पाठीवर हात फिरवून बघावं. दोन पट्ट्या राहिल्या तर दुप्पट औषध अंगात जातं. उलट्या सुरू होतात आणि आपल्याला वाटतं पोट बिघडलं. पट्टी तीन दिवसांहून जास्त चुकली तर आधीच्या डोसची थेट लावू नये, डॉक्टरांना विचारून कमी डोसपासून पुन्हा सुरू करावं लागतं.

गेल्या वर्षी ही रात्ररात्र ओरडायची, मला ढकलायची. शांत करणारं औषध द्या, असं मीच म्हणालो. डॉक्टरांनी आधी लघवी तपासली. जंतुसंसर्ग निघाला, त्यावर उपचार झाले आणि ओरडणं थांबलं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना अँटिसायकोटिक, म्हणजे अशी शांत करायला देतात ती मनोविकारावरची औषधं, दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. कधी कधी ती द्यावीही लागतात. पण का, किती दिवस, आणि बंद कधी, हे तिन्ही प्रश्न चिठ्ठी हातात घेतानाच विचारावेत.

डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी आजार थांबत नाही, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काहींना थोडा काळ थोडा उतार पडतो. आमच्या ओळखीतल्या एकांनी ‘फरक दिसत नाही’ म्हणून गोळी एकदम बंद केली, आणि त्यांची आई आठवड्याभरात जेवायचंही विसरू लागली. बंद करायची तरी डॉक्टरांच्या देखरेखीत, हळूहळू.

आपल्या पानांवर नव्या औषधांना जागा मिळते, तशी या जुन्या गोळ्यांनाही मिळावी. आणि डॉक्टर मंडळींना विनंती आहे, प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी आहे एवढे दोन शब्द लिहा. ती चिठ्ठी रात्री दहा वाजता चष्मा लावून माझ्यासारखा कुणीतरी वाचत असतो.

— एक निवृत्त शिक्षक
(नाव छापू नये ही विनंती)