व्हॉट्सअॅप काढलं तरी मेसेज कसे जातात

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत की तू तर व्हॉट्सअॅप काढून टाकलं म्हणालीस, मग आईला उत्तरं येतायत कुठून. मी तेव्हा घाईत होते म्हणून "आहे एक जुगाड" म्हणून टाळलं, पण ते नीट सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचाही थोडा संबंध आहे.

मी आता मॅट्रिक्स वापरते, म्हणजे मेसेज पाठवायची एक वेगळी व्यवस्था. २०१४ पासूनचं आहे ते, एका कंपनीच्या ताब्यात नाही, ज्याला हवं तो स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो आणि तरीही सगळे एकमेकांशी बोलू शकतात. माझा सर्व्हर म्हणजे कपाटावरचा तो छोटा कॉम्प्युटर, व्हिडिओ कॉलवर आईने "हे काय लुकलुकतंय" विचारलं होतं ना, तोच. पण तुम्हाला, मावशीला, काकांना सगळ्यांना नवीन अॅप घ्या म्हणणं मला जमणार नव्हतं आणि खरं सांगायचं तर तो त्रास तुम्ही का घ्यावा, हट्ट माझा आहे. म्हणून मी मधे एक ब्रिज बसवलाय. तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिहिता, ते माझ्याकडे मॅट्रिक्समधे येतं, मी तिथे उत्तर देते ते तुमच्याकडे व्हॉट्सअॅपवर माझ्याच नंबरवरून जातं. तुमच्या फोनमधे काहीच बदललेलं नाही, काही शोधत बसू नका.

बाबांना आतलं कळल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून सांगते. व्हॉट्सअॅप फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडू देतं, जसं तुम्ही लॅपटॉपवर व्हॉट्सअॅप वेब उघडता तसं. ब्रिज हा त्यातलाच एक जोडलेला डिव्हाइस. मॅट्रिक्समधे ब्रिजचा एक बॉट असतो, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, त्याला "लॉगिन क्यूआर" असं लिहून पाठवलं की तो चौकोनी कोड पाठवतो, तो फोनने स्कॅन करायचा, झालं. मग डावीकडे एकेक करत तुमच्या सगळ्यांच्या खोल्या, म्हणजे चॅट, उघडायला लागल्या, फॅमिली ग्रुप, मावशी, ऑफिसवाले, आणि मधेच "आई (डब्ल्यूए)". ब्रिज प्रत्येक माणसाच्या नावाने एक खोटा युजर बनवतो आणि नावामागे हे शेपूट लावतो, कोण कुठून आलंय ते कळावं म्हणून. मी सेटिंगच्या फाइलमधे जाऊन ते शेपूट काढलं. आई ती आई, डब्ल्यूए काय.

खरा मुद्दा पुढे आहे. व्हॉट्सअॅपचा मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याकडेच उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही. पण ब्रिज म्हणजे शेवटी दुभाष्या, ऐकल्याशिवाय तो पलीकडे सांगणार कसा? म्हणजे मेसेज माझ्या सर्व्हरवर उघडतो आणि मग मॅट्रिक्ससाठी परत बंद होतो. अशी सेवा तयार देणाऱ्या कंपन्या आहेत, दहा मिनिटांत काम झालं असतं, पण मग तो दुभाष्या कोणा तिऱ्हाईताच्या घरी बसला असता, बहुतेक ठिकाणी तरी. आपल्या घरचं बोलणं आपल्याच मशीनवर उघडावं एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. अर्थात मग त्या मशीनची काळजी पण माझ्याच गळ्यात, अपडेट करा, बॅकअप घ्या, डिस्क भरली का बघा. बाबांचे ते लांबलचक ऑडिओ मात्र आता माझ्या डिस्कवर राहतात, फोन बदलला तरी जाणार नाहीत, हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

आता काही गोष्टी लक्षात ठेवा. कॉल ब्रिजमधून जात नाहीत. व्हॉट्सअॅप मी रोजच्या फोनवरून काढलंय, पण माझ्या जुन्या फोनवर ते अजून आहे, तो चार्जरला लावून ठेवलेला असतो कारण चौदा दिवस तो ऑनलाइन आला नाही तर व्हॉट्सअॅप सगळे जोडलेले डिव्हाइस काढून टाकतं, पण तो वाजला तर मला ऐकू येईलच असं नाही. त्यामुळे आई, तू साधा फोन कर ना, व्हॉट्सअॅप कॉल नको. दुसरं म्हणजे मेसेज पाठवून पंधरा मिनिटं झाल्यावर व्हॉट्सअॅप तो दुरुस्त करू देत नाही, मॅट्रिक्समधे कधीही करता येतो, म्हणजे मी उशिरा काही सुधारलं तर तुमच्याकडे जुनंच दिसणार. आणि पिन, पासवर्ड असलं काही चॅटवर पाठवू नका, हे ब्रिज नसता तरी सांगितलंच असतं.

एक धोका आहे तो लपवत नाही. व्हॉट्सअॅपला बाहेरची अशी सॉफ्टवेअर चालत नाहीत, मनात आलं तर ते माझं अकाउंट बंद करू शकतात. माझ्या वापरात तशी वेळ येईल असं वाटत नाही, पण समजा एक दिवस माझ्याकडून काहीच आलं नाही तर घाबरून सगळ्यांना फोन लावत बसू नका, मला एसएमएस करा, सिम चालूच असतं.

राहिला फॅमिली ग्रुप. तिथे सगळ्यांचं बोलणं माझ्या सर्व्हरवर साठतंय आणि त्यांना ते माहीत नाही, हे मला बरं वाटत नाहीये. म्हणून सध्या तो ग्रुप मी ब्रिजमधून बाहेर काढलाय, जुन्या फोनवरच बघते, त्यामुळे तिथे उत्तरं उशिरा येतात. सगळ्यांची हरकत नसेल तरच परत जोडीन. बाबा, हे ग्रुपवर तुम्ही सांगाल का? मी लिहिलं तर काका पहिलं विचारतील की हिचा फोन हॅक झालाय का, आणि मग ते निस्तरण्यातच संध्याकाळ जाईल. तुमच्या शब्दात दोन ओळी टाका, कोणी नको म्हणालं तर नाही जोडणार, विषय संपला.

तुमची,
लेक