ओल किती खोल गेली

सेलू, जि. परभणी
20 जून

प्रिय दत्ता,

पत्र मिळालं. काकांच्या तोंडातल्या गाठीला ती ‘देशी पेशींची ट्रीटमेंट’ चालेल का, असं विचारलंस. गोल गोल न फिरवता सांगतो, नाही चालणार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार 19 या त्या ट्रीटमेंटला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढून, त्यांना शत्रू ओळखायला शिकवून परत सोडतात, आणि शत्रू बहुतेक रक्तात, हाडांच्या मज्जेत, लसिकाग्रंथींत भेटतो. घट्ट गाठीत मुळात शिरायचीच मारामार.

आणि मागच्या पत्रातली माझी फुशारकी खोडून टाक. ‘आमच्या पेशी गाठीत घुसल्या’ असं लिहिलं होतं ना? ती गाठ म्हणजे आमच्या लॅबमध्ये, प्लेटमध्ये वाढवलेले कॅन्सरपेशींचे गोळे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. त्यांच्यावर टी-पेशी सोडल्या, दोन दिवसांनी गोळे विरघळवून मशीनवर मोजल्या. आकडा झकास! लॅबच्या मॅडमनी एवढंच विचारलं, “होत्या कुठं?” विरघळवल्यावर ते कसं कळणार? मग अख्खा गोळा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधे मिट्ट काळोख. पण त्याचाही भरवसा नाही, शंभरेक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या, पुढं उजेडच नीट पोचत नाही. पेशी नाहीत, की नुसत्या दिसत नाहीत? शेवटी गोळे गोठवून पातळ काप काढले, टी-पेशी रंगवल्या आणि एकेकीचं कडेपासूनचं अंतर मोजत बसलो. डोळे गेले लेका. बहुतेक सगळ्या कडेलाच, मांडवाच्या दारात वऱ्हाडी अडून बसतात तशा.

काल इथं पाऊस झाला. मंडळात किती मिलिमीटर पडला ते मी आबांना मोबाईलवर वाचून दाखवलं. ते काही न बोलता वावरात गेले, खुरप्यानं उकरलं, बोट घातलं. चार बोटांखाली टणक कोरडं. “पेरायचं नाही,” म्हणाले. मला मॅडमच आठवल्या.

खऱ्या गाठीत तर आणखी अवघड. कोलॅजन या चिवट प्रथिनाचं दाट जाळं, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या, आत ऑक्सिजन कमी. आत पोचलेली पेशीही दमून जाते. आमच्या गोळ्यात तर रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणजे रक्तातून गाठीत उतरायची पहिली परीक्षा आम्ही घेतलेलीच नाही.

काकांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय ना? मग पेरणीपायी पुढं ढकलू नका. तारीख कळव, मी रविवारपर्यंत गावातच आहे, संभाजीनगरला सोबत येतो. आणि त्यांच्या खिशातली तंबाखूची पुडी तूच काढून घे, माझं ते ऐकायचे नाहीत.

तुझा,
बाळू