मावशी, त्या बुटांबद्दल

ती. मावशींना सा. न.

कोल्हापुरात पावसानं झोडपायला सुरुवात केलीय. काल आईनं माझ्या भिजलेल्या बुटांत पेपर कोंबला आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. तिला कारण सांगता सांगता चहा उकळून गेला. मग म्हटलं, आता सगळ्यांसमोरच लिहावं.

मी पॅरिसला शिकत होते तेव्हा, ५ डिसेंबर २०१९ ला, तिथं संप सुरू झाला. वेगवेगळ्या ४२ पेन्शन योजना मोडून एकच करायचा सरकारचा बेत होता, त्याविरुद्ध मेट्रोवाले, रेल्वेवाले उतरले. त्यांच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही. वडील एसटीत कंडक्टर. २०२१ च्या संपात आमच्या घरानं पगाराविना महिने काढलेत. पण आपल्याकडं एसटी थांबली तर निदान वडापची जीप असते. मी राहायचे त्या पॅरिसच्या उपनगरात, आंतोनीत, कुठलं वडाप! आरईआर या उपनगरी रेल्वेच्या बी लाइनीवर गर्दीच्या वेळी थोड्या गाड्या सुटायच्या, पण त्यांत शिरायचं तर तालमीतच घुमायला हवं होतं.

परीक्षा तोंडावर आलेली. ‘काही लागलं तर हक्कानं सांग’ म्हणणारे ढीगभर. गणपतीत माझ्याकडून मोदक वळून घेतलेल्या एका गाडीवाल्या घरानं फोनच उचलला नाही. ‘चोवीस तास मदत’ म्हणून पैसे घेतलेल्या इथल्या एजंटानं मेसेज केला, ‘टॅक्सी बघा.’ शेवटी तुम्हाला फोन लावला. वडिलांच्या डेपोतल्या सहकाऱ्याच्या साडूची बहीण, एवढंच नातं. तुम्ही माझं नावही विचारलं नाहीत. ‘कोल्हापुरात कुठं?’ एवढंच. उत्तरेश्वर पेठ म्हटल्यावर, ‘मग ये की गं, वाट कसली बघतीस?’

दहाएक किलोमीटर पावसात चालत पॅरिसमधल्या ओलांपियादला, तुमच्याकडं, पोचले. तुमच्या घराजवळून १४ नंबरची मेट्रो सुटायची. तिला चालकच नसतो, त्यामुळं संपात १ आणि १४ याच लाइनी धड चालू होत्या. अकरा रात्री राहिले, पेपर दिले, पासही झाले. पण हे पत्र त्यासाठी नाही.

पहिल्या सकाळी माझे बूट हीटरपाशी होते. कोरडे. आत तेव्हा फुकट वाटायचे त्या फ्रेंच पेपरांचे बोळे, आणि डाव्या बुटात तुमच्या मुलाचे लोकरीचे मोजे गुंडाळून ठेवलेले. कचऱ्याच्या डब्यात ओले बोळे दिसले, ढीगच होता. म्हणजे मी घोरत असताना तुम्ही उठून उठून कागद बदलत होता. मी वाकून काही बोलणार, तर कप पुढं सरकवलात आणि म्हणालात, ‘‘पुढारी’ असता तर आणि लवकर वाळले असते.’

माणसं उपकार करतात आणि मग त्यांची आठवण करून देतात, हे मी पुष्कळ पाहिलंय. तुम्ही तर थट्टेवारी नेलंत. मला तेव्हा नीट हसताही आलं नाही, ‘थँक्यू’ तर राहूनच गेलं.

मोजे अजून माझ्याकडंच आहेत. एकाच्या टाचेला भोक पडलंय. परत देणार नाही.

तुमची,
उत्तरेश्वर पेठेतली पोरगी