उचलून नेलेले शहर

रिओबाम्बा, इक्वाडोर
रविवार, सकाळ

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

‘कुठे जाऊन बसला आहेस ते नीट लिही,’ असा तुझा हुकूम आहे, म्हणून आज सवडीने लिहितो.

रिओबाम्बा हे चिंबोराझो प्रांताच्या राजधानीचे शहर. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या ठिकाणाला जी कळा असते तीच इथे दिसते. कचेऱ्या, वकील, शाळेच्या गणवेशातली मुले, आणि शनिवारच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतून उतरणारी, फेल्टच्या टोप्या आणि लोकरी शाली पांघरलेली किचवा भाषक माणसे. शहर अँडीजच्या दोन रांगांमधल्या पठारावर, सुमारे २,७५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात पहिले आठ दिवस माझ्याशी वैर धरून होता.

परंतु तुला मुद्दाम सांगायचे ते वेगळेच. हे शहर मुळात इथले नव्हे. १५३४ मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेले जुने रिओबाम्बा इथून पंधरा-वीस किलोमीटरवर, आज जिथे काहाबाम्बा आणि सिकाल्पा आहेत तिथे होते. ४ फेब्रुवारी १७९७ रोजी मोठा भूकंप झाला, शेजारच्या डोंगराचा कडा गावावर कोसळला आणि गावाचा बराच भाग गाडला गेला. उरलेल्या माणसांनी त्याच जागी पुन्हा घरे न बांधता तापीच्या सपाट माळावर नवे शहर आखले. इथले रस्ते रुंद आणि सरळ आहेत ते त्यामुळेच. (तापी हे नाव ऐकून मला आधी आपली नदीच आठवली, संबंध काहीही नाही.)

माल्दोनादो चौकातल्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत मात्र जुन्या गावाच्या अवशेषांतून आणलेल्या दगडांची आहे. काल तिच्यासमोर बराच वेळ उभा होतो. फिकट दगडावर बायबलमधली माणसे आणि स्थानिक कारागिरांच्या हातची पाने-फुले एकमेकांत मिसळून गेली आहेत. चौकाला ज्यांचे नाव आहे ते पेद्रो विसेंते माल्दोनादो १७०४ मध्ये जुन्या रिओबाम्बात जन्मले. विषुववृत्तावर पृथ्वी मोजायला आलेल्या फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी काम केले आणि किटो प्रांताचा नकाशा काढला. इक्वाडोरची पहिली राज्यघटनाही १८३० मध्ये याच शहरात झाली, याचा इथल्या लोकांना फार अभिमान आहे, आणि तो ते पहिल्या पाच मिनिटांतच बोलून दाखवतात.

सकाळी आभाळ मोकळे असेल तर चिंबोराझो पर्वत दिसतो. नऊ-दहा वाजता ढग आले की दिवसभर त्याचा पत्ता नसतो. उंची ६,२६३ मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून बराच ठेंगणा. पण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली असल्यामुळे तिच्या केंद्रापासून मोजले तर याचेच शिखर सर्वांत दूर, एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटरने अधिक. १८०२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट बरेच वर चढून परतले. शिखर गाठले ते इंग्रज गिर्यारोहक व्हिंपर आणि त्यांचे कॅरेल आडनावाचे दोन वाटाडे यांनी, १८८० मध्ये.

या डोंगराचा बर्फ लोक पूर्वीपासून तोडून आणत. बाल्तासार उश्का हे शेवटचे बर्फवाले; बर्फाच्या लाद्या गवतात गुंडाळून, गाढवांवर लादून ते खाली आणीत. २०२४ मध्ये ते वारले. त्या बर्फावर केलेल्या फळांच्या रसाला इथे ‘रोम्पेनुकास’, म्हणजे मानमोडे, म्हणतात, कारण एका घोटात मानेपर्यंत कळ जाते. बाजारात त्याच्या जोडीला होर्नादो, म्हणजे अख्खे भाजलेले डुक्कर, उकडलेला मका आणि बटाट्याच्या थापट्या मिळतात. मी मका आणि बटाट्यावर भागवतो. बटाटा मूळचा याच डोंगरांतला, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

कॅथेड्रलच्या भिंतीसमोर मला तुमचे गाव आठवत होते. कोयनेच्या पाण्यात जुने गाव गेले, तेव्हा नव्या गावठाणात देवळाच्या पायरीचे दगड आणले, असे तात्या एकदा म्हणाले होते. ते दगड कशातून आणले, बैलगाडीतून की ट्रकमधून, आणि पायऱ्या पूर्वीच्याच क्रमाने लावल्या का, एवढे त्यांना विचारून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर